उस्तादाची खोड

एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत समीक्षककाका एकतीस वर्षं पुस्तकांची परीक्षणं लिहीत होते. त्यांना खरं नाव होतंच, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. इमारतीत, कचेरीत, कोपऱ्यावरच्या वाचनालयात सगळे त्यांना समीक्षककाकाच म्हणत, आणि काकांनाही ते मनापासून आवडत असे.

परीक्षणाची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. मलपृष्ठ वाचायचं, पहिली वीस पानं वाचायची, शेवटचं पान वाचायचं आणि उरलेल्या भागाबद्दल ‘मध्यंतरी लेखकाची पकड किंचित सैल होते’ असं लिहून टाकायचं. एकतीस वर्षांत एकाही लेखकाला हे वाक्य खोडून काढता आलं नव्हतं. मध्यंतरी पकड सैल होत नाही असा माणूस दाखवा! एखाद्या पुस्तकाचा दुसरा भाग आला तर काम आणखी सोपं. ‘पहिल्या भागाची सर दुसऱ्याला नाही’, संपलं. पहिला भाग वाचलेला असण्याची अट कुणी घातली नव्हती.

त्यांना आणखी एक खोड होती. कुणी काहीही दाखवायला आणलं, की काका आधी डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून ओढायचे, मग घसा खाकरायचे, मग म्हणायचे, “छान आहे. पण...” त्या ‘पण’नंतर समोरच्या माणसाचं जे व्हायचं ते व्हायचं. काकूंनी शिवलेले पडदे, तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची नवी पाटी, खुद्द संपादकांचा अग्रलेख, त्यातून कुणीही सुटलं नव्हतं. हात कानाकडे गेला की ओळखीची माणसं सावध व्हायची. या खोडीची खबर नसलेला इमारतीत एकच इसम होता, तो म्हणजे काका स्वतः.

तर झालं असं, की पुरवणीत व्हिडिओ गेमचं सदर लिहिणारी मुलगी नोकरी सोडून गेली. सोमवारच्या बैठकीत संपादकांनी टेबलावर एक चकचकीत डबी ठेवली. वर चिलखत घातलेला एक माणूस आणि मागे जळता बुरूज. नाव होतं ‘सातव्या बुरुजाचे रखवालदार : भाग दुसरा’.

“सगळीकडे याचीच चर्चा आहे,” संपादक म्हणाले. “लढाईची पद्धत म्हणे पार बदलून टाकलीय. नऊशे शब्द हवेत, शनिवारी दुपारपर्यंत. कोण लिहितं?”

सगळ्यांनी एकदम आपापल्या वह्यांत डोकी खुपसली. संपादकांची नजर फिरत फिरत काकांवर येऊन थांबली. “तुमची मुलगी याच धंद्यात आहे ना हो?”

इथे काकांनी नाही म्हणायला हवं होतं. व्हिडिओ गेम म्हणजे काय हे त्यांना, बंद दाराआडून येणारे आवाज सोडले तर, काहीही माहीत नव्हतं. पण मुलीचं नाव निघालं आणि काकांचा पाय घसरला.

त्यांची एकुलती एक लेक एकोणतीस वर्षांची होती, तरी घरात तिला अजून छकुलीच म्हणत. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडून ती दूरच्या एका शहरात गेम बनवणाऱ्या कंपनीत गेली. जाण्याआधी तिनं काकांना विचारलं होतं, “बाबा, कसा वाटतो निर्णय?” काकांनी कान ओढला, घसा खाकरला. “धाडस छान आहे. पण खेळ करणं ही काय जाणत्या माणसाची नोकरी आहे?” त्या दिवसापासून छकुलीचा फोन काकूंनाच यायचा. ती विचारायची, बाबा बरे आहेत ना? काकू सांगायच्या, बरे आहेत. आणि काका शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र उलटंसुलटं करत कान टवकारून बसायचे. ती नेमकं काय बनवते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. काकूंनी विचारलं, तर म्हणाली होती की तलवारींचा काहीतरी मोठा गेम आहे, बाहेर येईपर्यंत नाव सांगायचं नाही असं कंपनीनं लिहून घेतलंय.

म्हणून काकांना वाटलं, हीच संधी. नऊशे शब्द असे लिहायचे की पोरीनं फोन करून म्हणावं, ‘आई, बाबांना दे.’ एवढंच हवं होतं त्यांना. माफी मागण्यापेक्षा परीक्षण लिहिणं त्यांना केव्हाही सोपं वाटे.

“लिहितो,” काका म्हणाले. “त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं हे पहिल्यांदा कळलं ते कचेरीच्या ग्रंथपालांपाशी. परीक्षणासाठी आलेली प्रत्येक वस्तू ग्रंथपालांच्या नोंदवहीत चढल्याशिवाय कचेरीबाहेर जात नसे, आणि त्या वहीत ‘पृष्ठसंख्या’ असा एक रकाना होता.

“पृष्ठसंख्या?” ग्रंथपालांनी पेन सरसावलं.

“अहो, याला पानं नसतात.”

“रकाना मोकळा सोडता येत नाही.”

काकांनी डबीच्या मागचा मजकूर वाचला. चाळीस तासांचा खेळ आहे, असं लिहिलं होतं. ग्रंथपालांनी पृष्ठसंख्येत ‘तास ४०’ लिहिलं, त्याखाली आडवी रेघ मारली आणि शिक्का उचलला. त्यांचा नियम असा, की कचेरीचा शिक्का एक बाहेर उमटवायचा आणि एक आत. बाहेरचा त्यांनी डबीवर मारला. मग डबी उघडून तबकडी काढली, ती उलटी केली आणि तिच्या आरशासारख्या लखलखीत बाजूवर जांभळा शिक्का असा दाबून मारला की टेबल हललं. काकांनी सही केली. शिक्का सुंदर उमटलाय, असंही म्हणाले.

घरी छकुलीच्या खोलीत तिचं जुनं गेमचं यंत्र होतं. काकूंनी दर आठवड्याला पुसून ते जसंच्या तसं ठेवलं होतं. काकांनी ते टीव्हीला जोडलं, म्हणजे जोडण्याचा आव आणला आणि काकूंनी जोडलं. पडद्यावर एका चिमणीचं चित्र आणि एक नाव आलं. काकांनी चष्मा न लावताच बटण दाबलं. आपल्याच घरातलं यंत्र, त्यात बघायचं काय? मग तबकडी घातली. यंत्र दोनदा गुरगुरलं आणि त्यानं ती जीभ दाखवावी तशी बाहेर काढली.

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर या विषयातले जाणकार निघाले. रोग्याला भूल चढेपर्यंतची दहा मिनिटं ते पडद्याआड जाऊन काय करतात, याचा इमारतीला त्या दिवशी उलगडा झाला. तबकडी बघून ते म्हणाले, “काका, हे काय? हिच्यावर शिक्का मारला कुणी?”

“ती रीत आहे आमच्याकडे.”

डॉक्टरांनी तबकडी खुर्चीच्या दिव्याखाली धरली आणि दात घासायच्या पेस्टनं, फिरत्या ब्रशानं जांभळा डाग घासून काढला. बाहेर एक बाई गाल धरून बसल्या होत्या. त्यांना ते म्हणाले, “दोनच मिनिटं, आधी हा पेशंट.” मग काकांना गंभीरपणे सांगितलं, “पहिल्या भागात नुसती दणादण बटणं दाबली तरी माणूस जिंकायचा. यात तसं नाही. यात प्रत्येक शत्रूची एकेक खोड असते. वार करायच्या आधी तो ती करतोच. ती ओळखायची आणि त्याच क्षणी ढाल उचलायची. मग तो डगमगतो, मग आपण मारायचं. ओळखल्याशिवाय मारता येत नाही, हीच तर गंमत आहे.”

काकांचा हात कानाकडे गेला. “छान आहे,” ते म्हणाले. “पण हे माणसानं स्वतः शोधायचं असतं.” डॉक्टरांनी त्या कानाकडे एकदा बघितलं आणि तबकडी परत दिली.

मंगळवारी सकाळी काकांनी रजा टाकली, खोलीचे पडदे ओढले आणि खेळ सुरू केला. सुरुवातीलाच एक दगडी अंगण. बंद दारावर पाटी: उस्तादाला सलग तीनदा हरवा, दार उघडेल. अंगणाच्या मध्ये एक म्हातारा उभा होता, अंगानं किरकोळ, खांदे किंचित पुढे आलेले, भुवया झुपकेदार. हा उस्ताद. त्यानं काकांच्या वीराला आपादमस्तक न्याहाळलं, डाव्या कानाची पाळी ओढली, घसा खाकरला आणि तलवारीचा असा एक फटका दिला की वीर कुंडीसारखा आडवा झाला. पडद्यावर हातभर अक्षरं आली: तुम्ही पडलात.

उस्ताद वाकून म्हणाला, “प्रयत्न छान आहे. पण...” आणि पुढे काही न बोलता मान हलवून जागेवर गेला.

काकांना हे फार लागलं. चूक दाखवायची तर सरळ दाखवावी, हे ‘पण’ म्हणून वाक्य हवेत सोडून देणं कुठल्या संस्कृतीत बसतं? ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले. दुपारपर्यंत तेवीस वेळा पडले. बुधवारी वीर एकदा स्वतःच पायरीवरून घसरून पडला, तेव्हा उस्तादानं कानाला हातही लावला नव्हता. त्यालाही उस्ताद ‘प्रयत्न छान आहे’ म्हणाला, हे काकांच्या जिव्हारी लागलं.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाई खाली आल्या. आयुष्यभर शिकवल्यामुळे त्यांना कुणी हरताना बघवत नसे. खुर्ची ओढून त्यांनी वही काढली आणि उस्तादाच्या प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो ते मोजायला सुरुवात केली. सहाव्या वेळी थांबल्या. पडद्याकडे बघितलं, मग चष्मा पुसून काकांकडे बघितलं. काकूंकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खोकल्याचं निमित्त केलं.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“काही नाही. उत्तर सुटलं माझं,” बाई म्हणाल्या. “समीक्षक, तुम्ही घड्याळ नका बघू. त्याच्या कानाकडे बघा.”

“लढाईत मी शत्रूच्या तलवारीकडे बघतो, कानाकडे नाही,” काका ताठ मानेनं म्हणाले आणि एकोणनव्वदाव्यांदा पडले.

गुरुवारी काकू चहा घेऊन आल्या. थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या, मग कप खाली ठेवून म्हणाल्या, “द्या बघू इकडे तो रिमोट.”

“तो रिमोट नाही, आणि तुला काय जमणार?”

काकूंनी तो घेतलाच. उस्तादाचा हात कानाकडे गेला मात्र, काकूंच्या अंगठ्यानं ढाल उचलली. ठण्ण! उस्ताद मागे डगमगला, काकूंनी एक वार केला, तो गुडघ्यावर आला. दुसऱ्यांदाही तसंच. काकूंचं लक्षही नव्हतं धड, एक डोळा चहावर होता.

“तुला कसं कळलं तो आता मारणार म्हणून?”

“न कळायला काय झालं? तीस वर्षं संसार केलाय.” काकूंनी आवाज हळू केला. “अहो, जरा नीट बघा ना त्या माणसाकडे. ते खांदे, त्या भुवया. मला तर वाटतंय, हे आपल्या छकुलीनंच...”

काकांनी कान ओढला, घसा खाकरला. “तुझं निरीक्षण छान आहे. पण हा अभ्यासाचा विषय आहे, त्यात लुडबुड नको.” आणि त्यांनी रिमोट काढून घेतला. तिसरी लढाई ते स्वतः लढले. हरले. दोन विजय पुसले गेले.

“मी छकुलीला फोन करून विचारू का?” काकूंनी शेवटचं विचारलं.

“एक अक्षर बोलायचं नाही परीक्षण छापून येईपर्यंत! तिला चकित करायचंय मला.”

“मग निदान त्या म्हाताऱ्याबद्दल तरी जपून लिहा हो.”

“समीक्षकानं जपून लिहायचं नसतं,” काका म्हणाले. काकूंनी रिकामा कप उचलला आणि त्या निघून गेल्या. तीस वर्षं त्या अशाच निघून जात आल्या होत्या.

शनिवारी सकाळपर्यंत काका दोनशे चौदा वेळा मेले होते, उजवा अंगठा सुजला होता आणि दार काही उघडलं नव्हतं. मग त्यांनी तेच केलं, जे ते एकतीस वर्षं करत आले होते. मलपृष्ठ वाचलं, म्हणजे डबीचा मागचा भाग, आणि बसल्या बैठकीत नऊशे शब्द लिहून काढले. आणि लिहिताना त्यांच्यातला दोनशे चौदा वेळा पडलेला माणूस पेटला. छकुलीशी समेट, तिच्या क्षेत्राचा गौरव, सगळं राहिलं बाजूला. ‘हा खेळ मी अथपासून इतिपर्यंत खेळलो’, अशी सुरुवात केली. ‘पहिल्या भागाची सर दुसऱ्याला नाही’ हे ओघानं आलंच. ‘मध्यंतरी पकड सैल होते’ हेही आलं. मग लढाईवर आले. ‘ही नवी युद्धपद्धती म्हणजे खेळाडूचा पद्धतशीर पाणउतारा आहे. उस्ताद नावाचं पात्र तर या खेळाचं सर्वांत मोठं अपयश. कुणाच्याही धडपडीकडे बघून कान ओढत “पण” म्हणणारा हा खडूस म्हातारा घटकाभरही सहन होत नाही. अशी माणसं प्रत्यक्षात नसतात. हे पात्र घडवणाऱ्यानं जिवंत माणूस कधी जवळून पाहिलेला दिसत नाही.’

हे शेवटचं वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते काकूंना दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं.

रविवारी सकाळी इमारतीत अंक पोचला आणि काका छकुलीच्या खोलीतच बैठक मांडून बसले. लोकांनी येऊन बघावं म्हणून टीव्हीवर खेळही लावून, थांबवून ठेवला होता. आधी दातांचे डॉक्टर आले आणि त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. “काका, मानलं तुम्हाला! स्वतःची एवढी टर उडवायला वाघाचं काळीज लागतं.”

“स्वतःची?”

“तेच तर! शेवटपर्यंत कळू दिलं नाहीत. ‘अशी माणसं प्रत्यक्षात नसतात’ म्हणे! हसून हसून आमच्या घरी चहा सांडला.”

काकांना काही उमगलं नाही, पण कौतुक होतं हे नक्की, म्हणून त्यांनी ते ठेवून घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी उचलला, थोडं ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. “अहो,” त्या फोन पुढे करत म्हणाल्या, “तुम्हाला दे म्हणतेय.”

दोन वर्षांनी! काका उठले, शर्टाची कॉलर नीट केली, मग फोन घेतला. डॉक्टर समजुतीनं निघून गेले.

“बाबा, वाचलं.”

“हो का? कसं वाटलं?”

“शेवटपर्यंत खेळलात तुम्ही?”

“म्हणजे काय! अथपासून इतिपर्यंत.”

“शेवट आवडला?”

“शेवट प्रभावी आहे,” काका म्हणाले. “मध्यंतरी जरा पकड...”

“बाबा, यंत्र माझं आहे,” छकुली शांतपणे म्हणाली. “खातंही माझंच आहे. त्यावर कोण काय खेळतं ते मला इथे फोनवर दिसतं. तुम्ही अंगणाबाहेर पडलाच नाहीत. दोनशे चौदा वेळा मेलात.”

काकांनी टेकायला खुर्ची चाचपली, तर हाताखाली रिमोटचं बटण दाबलं गेलं आणि थांबवलेला खेळ सुरू झाला.

“मंगळवारी मला दिसलं, घरी कुणीतरी गेम सुरू केलाय. मला वाटलं, बाबांना कळलं. आमच्या कचेरीत सगळ्यांना दाखवलं मी. रोज बघायचो आम्ही. चाळीस झाले, नव्वद झाले. सगळे म्हणायचे, अगं, सांग ना त्यांना ढाल कधी उचलायची. मी म्हटलं, सांगायला कशाला हवं? त्यांना नाही कळणार तर कुणाला कळणार?”

“तुझा गेम आहे हा?” काकांनी विचारलं.

“सगळा नाही. मी फक्त अंगण केलं. अंगण आणि उस्ताद.”

काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. ‘तसं पाहिलं तर...’ असं काहीतरी म्हणावं म्हणून काकांचा हात नेहमीसारखा वर गेला, आणि डाव्या कानाची पाळी बोटांत आली तेव्हाच त्यांची नजर समोर टीव्हीवर पडली. पडद्यावरच्या उस्तादानंही हात वर नेला होता. तीच दोन बोटं, तोच कान. खांदे तसेच पुढे आलेले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. उस्तादानं घसा खाकरला आणि मोकळ्या उभ्या वीराला एका फटक्यात आडवं केलं.

“दोनशे पंधरा,” फोनवर छकुली म्हणाली. “ठेवते बाबा.”

काका खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. लाज वाटते म्हणजे काय होतं, हे त्यांनी पुस्तकांत शेकडो वेळा वाचलं होतं, आणि ‘हा प्रसंग अतिरंजित वाटतो’ असं शेरेवजा लिहिलंही होतं. आता कळलं की कानशिलं खरोखरच तापतात, आणि आपल्याच घरात कुठे बघावं ते समजत नाही. अख्ख्या इमारतीला माहीत होतं. डॉक्टरांना, बाईंना, काकूंना. छकुलीला तर नवव्या वर्षापासून माहीत असणार. तेव्हा तिनं काढलेला घोडा आठवला त्यांना. धावत आली होती कागद घेऊन. छान आहे, पण घोड्याला पाच पाय कसे, असं विचारलं होतं त्यांनी. पाचवा पाय ही शेपूट होती, हे काकूंनी नंतर सांगितलं. छकुलीला मात्र त्यांनी ‘चुकलो’ असं म्हटलं नव्हतं.

“तू बोलली का नाहीस?” त्यांनी काकूंना विचारलं.

“बोलू दिलंत?” काकू म्हणाल्या.

सोमवारी काका संपादकांपुढे उभे राहिले आणि सगळं सांगितलं. संपादक आधी हसले, मग काकांचा चेहरा बघून थांबले. “अहो, पण परीक्षण मागे घेता येत नाही. आपला नियमच आहे तसा. मत चुकलं असं छापत नाहीत, तपशील चुकला असं छापतात. शुद्धिपत्रात नाव, तारीख, आकडा, बस. आणि ग्रंथपालांची सही लागेल, नोंदवहीशी ताडून.”

“तपशीलच चुकलाय,” काका म्हणाले.

ग्रंथपालांनी वही काढली, ‘तास ४०’ असलेल्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “किती वाचून झालं होतं प्रत्यक्षात?” काकांनी खरं ते सांगितलं. एकतीस वर्षांत ग्रंथपालांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता, आणि उत्तर ऐकून त्यांनी चष्म्यावरून काकांकडे असं काही बघितलं की बाकीच्या पुस्तकांबद्दल विचारायची गरज उरली नाही.

शनिवारी संध्याकाळी काका पुन्हा छकुलीच्या खोलीत गेले. काकूही शेजारी येऊन बसल्या, पण रिमोटला हात लावला नाही. उस्ताद समोर आला. काकांना त्याच्याकडे बघवत नव्हतं, तरी बघत राहिले. हात कानाकडे गेला, काकांनी ढाल उचलली. ठण्ण! दुसऱ्यांदा ठण्ण! तिसऱ्यांदा उस्ताद गुडघ्यावर आला, त्यानं तलवार जमिनीला टेकवली, वर बघितलं आणि म्हणाला, “छान आहे.”

दोघंही वाट बघत बसले.

“पुढे?” काकूंनी विचारलं.

पुढे काही नव्हतं. उस्ताद बाजूला झाला आणि दार उघडलं. काकांनी चष्मा काढून पुसला, मग काकूंनी पदरानं त्यांचा चेहराही पुसला. दाराबाहेर जायची त्या दिवशी त्यांची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पुरवणीच्या सहाव्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली, बोटभर चौकट आली.

‘शुद्धिपत्र. गेल्या रविवारच्या परीक्षणात, परीक्षकाने हा खेळ शेवटपर्यंत खेळल्याचे म्हटले होते. परीक्षक पहिल्या अंगणातून बाहेर पडले नव्हते. पहिला भाग त्यांनी पाहिलेलाही नाही. युद्धपद्धती सदोष असल्याचे म्हटले होते. दोष परीक्षकाच्या नजरेत होता. उस्तादासारखी माणसे प्रत्यक्षात नसतात, असे म्हटले होते. असतात. पात्र घडवणाऱ्याने जिवंत माणूस जवळून पाहिलेला नाही, असे म्हटले होते. पाहिलेला आहे, पात्र हुबेहूब आहे. तसेच, घोड्याला पाच पाय नव्हते. चुकीबद्दल परीक्षक दिलगीर आहेत.’

घोड्याचं वाक्य बघून संपादकांनी विचारलं होतं, की गेममध्ये घोडा आहे का? काका म्हणाले, आहे. हे मात्र खोटं होतं.

दहा वाजेपर्यंत इमारतीतलं कुणीच आलं नाही. गणिताच्या बाई जिन्यात भेटल्या, त्यांनी नुसती मान हलवली, बरोबर उत्तराला हलवायच्या तशी. सव्वादहाला काकांचा फोन किणकिणला. छकुलीचा निरोप होता, थेट त्यांना.

‘छान आहे.’

काका फोन हातात धरून बसले. खाली तीन टिंबं नाचत होती, म्हणजे ती अजून काहीतरी लिहीत होती. येणार, काका मनाशी म्हणाले, आता ‘पण’ येणार, आणि आला तर तो आपण मुकाट्यानं ऐकायचा, तेवढं देणं लागतो आपण. टिंबं थांबली, पुन्हा नाचली. मग अक्षरं आली.

‘दाराबाहेर पडल्यावर डावीकडून जा बाबा. उजवीकडे अस्वल आहे.’

“काय म्हणतेय?” काकूंनी विचारलं.

काकांचा हात कानापर्यंत गेला आणि तिथूनच परत आला. “डावीकडून जा म्हणतेय,” ते म्हणाले आणि चष्मा शोधायला उठले.